पटत नाही, बाई!

शिक्षक-खोलीत नववी-दहावीचा विषय निघाला की सूर ठरलेला असतो. ‘पोरं तोंडच उघडत नाहीत हो.’ ‘काही विचारावं तर एकमेकांकडे बघून हसतात.’ ‘सहावीत होती तेव्हा हीच कार्टी काय गोड होती!’ मी या बैठकीत सहसा वह्या तपासत गप्प बसते. कारण वेळापत्रक ठरायच्या दिवसांत मी स्वतः जाऊन नववीचं गणित मागून घेते आणि ते मला सहज मिळतं, दुसरं कुणी मागतच नाही. सहकाऱ्यांना हा माझा मोठेपणा वाटतो. प्रत्यक्षात तो शुद्ध स्वार्थ आहे. अख्ख्या शाळेत सगळ्यात जास्त मजा त्या वर्गांत आहे आणि ती वाटून घ्यायची माझी तयारी नाही.

लहान वर्गांत विश्वास आयता मिळतो. बाईंनी सांगितलं म्हणजे बरोबर. प्रश्न पुरता व्हायच्या आत वीस हात वर, आणि त्यातल्या निम्म्यांना प्रश्न काय होता हेही माहीत नसतं. कॉलेजात गेलेली मुलं वेगळ्या कारणाने माना डोलावतात. त्यांना लिहून घ्यायचं असतं आणि निघायचं असतं. या दोन्हींच्या मधली तीन-चार वर्षं अशी असतात की मूल कुणाचंच निमूट ऐकत नाही. घरी वाद, मैदानावर वाद, आरशासमोर उभं राहून स्वतःशीही वाद. घरच्यांच्या नाकी नऊ येतात हे मान्य. पण गणित शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? गणितात तर कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो, शिकवणाऱ्याच्या तर नाहीच नाही.

तेव्हा माझा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी असतो: वर्गातून कुणीतरी ‘पटत नाही, बाई’ म्हणावं. त्यासाठी आधी त्यांना न पटणारं काहीतरी द्यावं लागतं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते यावर कुणी भांडत नाही. ते सहावी-सातवीपासून ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं असतं.

वर्षाच्या सुरुवातीला कधीतरी मी वर्गात शिरून फळ्यावर काहीच लिहीत नाही. पैज लावते. ‘तुम्ही चाळीस जण आहात. या चाळिसांत निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येतो, असं माझं म्हणणं. वर्ष सोडा, फक्त दिवस आणि महिना. कोण माझ्या बाजूने, कोण विरुद्ध?’

आधी कायदेपंडित उठतात. ‘जुळी धरायची नाहीत!’ वर्गात जुळी भावंडं नसतात, तरी ही अट दर वर्षी येतेच. ‘२९ फेब्रुवारीवाल्याचं काय करायचं?’ ‘तुम्ही रजिस्टर बघून आला असणार.’ मी बघितलेलं नसतं, पण त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही आणि तेही बरंच आहे. मग हिशेबी मंडळी. एकजण उभा राहतो, बहुतेक दर वर्षी तोच हिशेब घेऊन: दिवस ३६५, मुलं ४०, चाळीस भागिले तीनशे पासष्ट, म्हणजे फार तर ११ टक्के. ‘हरताय, बाई.’ त्याच्या मागे जवळजवळ अख्खा वर्ग. माझ्या बाजूने दोन-तीन हात, तेही दयेपोटी वर आलेले.

खरी शक्यता ८९ टक्के असते. त्याच्या ११ ला शंभरातून वजा केलं की माझं उत्तर येतं, हा निव्वळ योगायोग. पण तो मी नंतर सांगते तेव्हा त्या हिशेबी मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. अर्थात ८९ म्हणजे १०० नव्हे. दर नऊ-दहा वर्गांमागे एखादा वर्ग मला तोंडघशी पाडू शकतो. त्या जोखमीशिवाय या खेळात राम नाही, आणि मुलांना ते बरोबर कळतं. बाईंचं काहीतरी पणाला लागलंय म्हटल्यावर पाठी सरळ होतात.

मग तारखा. महिन्यामहिन्याने उभं राहून सांगायच्या. जानेवारीत चौघं, चारही वेगळे. फेब्रुवारी, मार्च, काही नाही. कुजबुज वाढते. मेपर्यंत विरोधी पक्षाने बाकं बडवायला सुरुवात केलेली असते. या वर्षी ऑगस्ट उजाडला. खिडकीकडच्या रांगेतला एकजण म्हणाला, ‘सतरा.’ आणि दाराकडच्या रांगेतून एक मुलगी जवळजवळ किंचाळलीच, ‘ए, माझा पण!’ आता गंमत अशी की या दोघांचं कुठल्याशा प्रोजेक्टवरून भांडण होतं आणि महिनाभर ती एकमेकांशी बोलत नव्हती. वर्गाला हे माहीत होतं, मला नव्हतं. जो गलका झाला त्याने शेजारच्या वर्गाचे सर दारात डोकावून गेले.

इथे बरेच जण थांबतील. जादू झाली, टाळ्या झाल्या. मला मात्र पुढचा भाग जास्त आवडतो, कारण गलका ओसरल्यावर जे शांतपणे येतं ते हे: ‘पण बाई, पटत नाही. हे नशीब होतं.’

‘तुमचा हिशेब कुठल्या प्रश्नाचा होता?’ मी विचारते आणि गप्प बसते. बराच वेळ जातो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ११ टक्के, किंवा नेमकं बोलायचं तर १० टक्के, ही शक्यता ‘माझ्या’ तारखेला दुसऱ्या कुणाचा वाढदिवस असण्याची आहे. बाईंनी तर कुणाच्याही दोघांचं विचारलं होतं. पहिल्याच्या जोड्या ३९, दुसऱ्याच्या उरलेल्या ३८, तिसऱ्याच्या ३७. एका कोपऱ्यातून बेरीज येते: ७८० जोड्या. वर्षात दिवस ३६५ आणि जोड्या ७८०. वर्गाचा नूर इथे पालटतो. त्यानंतर कॅल्क्युलेटर बाहेर. दुसऱ्याची तारीख पहिल्यापेक्षा वेगळी असण्याची शक्यता ३६४ भागिले ३६५, तिसऱ्याची पहिल्या दोघांपेक्षा वेगळी असण्याची ३६३ भागिले ३६५, गुणत चला. एक मुलगी आकडे मोठ्याने वाचते, बाकीचे पडताळतात. बावीस माणसांपाशी ०.५२४. तेविसाव्या माणसापाशी ०.४९३. ‘अर्ध्याच्या खाली गेलं!’ म्हणजे फक्त २३ माणसं जमली की तारीख जुळण्याची शक्यता न जुळण्यापेक्षा जास्त. आणि २३ माणसांच्या जोड्या २५३. त्या दिवशी मी एक अक्षर शिकवलं नव्हतं, पण संभाव्यतेच्या धड्यातलं सगळ्यात अवघड काम, म्हणजे ‘घडणार नाही’ची शक्यता काढून ती एकातून वजा करायची, हे काम त्यांनी स्वतः करून टाकलं होतं.

‘परीक्षेला येणार का, बाई?’ हा प्रश्न तेव्हाही आलाच. तो यायचाच, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, बिचाऱ्यांच्या डोक्यावर परीक्षा असते. मी खरं ते सांगते: नाही येणार. गंमत म्हणजे हे ऐकून वही मिटणारे थोडे आणि सैलावून पुढे सरकणारे जास्त.

आता ती न बोलण्याची तक्रार. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. साधा प्रश्न विचारला की नववीचा वर्ग खरंच मुका होतो. पण मुकं होणं म्हणजे कंटाळणं नव्हे. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये या वयाबद्दल एक कल्पना मांडली होती, काल्पनिक प्रेक्षकांची. या वयातल्या मुलाला सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत: आपल्या मुरमाकडे, फुटलेल्या आवाजाकडे, चुकलेल्या उत्तराकडे. आता वर्गाचा विचार करा. तिथे तर चाळीस जण खरोखरच बघत असतात! अशा ठिकाणी हात वर करायचा, उभं राहायचं आणि चुकायचं, याला जे धैर्य लागतं ते मोठ्यांच्या किती बैठकांत दिसतं? मोठी माणसंही बैठकीत गप्पच बसतात आणि बाहेर पडल्यावर बोलतात.

याच वयाची दुसरी बाजू मला जास्त रंजक वाटते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ. थोडं आणखी पुढे जायचं की थांबायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. काहींनी एकट्याने खेळायचं, काहींनी बरोबरीचे मित्र बाजूला असताना. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करत होती; मोठ्यांच्या बाबतीत तसा फरक पडत नव्हता. म्हणजे जे प्रेक्षक हात वर करू देत नाहीत, तेच वेड्या धाडसालाही चढवतात. हे वाचल्यावर मला माझ्याच वर्गातल्या पैजेचा उलगडा झाला. एकट्याने उभं राहून उत्तर देणं ही परीक्षा. सगळ्यांनी मिळून बाईंच्या विरुद्ध पैज लावणं हे धाडस. चुकले तर सगळेच चुकणार, मग लाज कुणाची?

म्हणून माझ्या वर्गात अंदाज आधी चिठ्ठीवर लिहायचा असतो. नाव नाही, फक्त आकडा. चिठ्ठ्या गोळा करून मी सगळे आकडे फळ्यावर मांडते. सगळ्यात वेडा आकडा कुणाचा हे शोधायची धडपड सुरू होते आणि अनेकदा त्याचा मालक स्वतःच अभिमानाने उभा राहतो. एका आकड्यामागे निदान एक डोकं गुंतलेलं असतं. आता त्या डोक्याला उत्तर कळून घ्यायचंच असतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी शाळेतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली आणि १९७० च्या दशकात त्यावर लिहिलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी किती थांबतात? साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं आपणहून बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटत असेल तर वर्गासमोर उभं राहून मोजून बघा. जीव खालीवर होतो. मी त्या वेळात डस्टरने आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसते. पाठ वळली की मुलांनाही बरं पडतं. शेजाऱ्याच्या कानात उत्तर पुटपुटून बघता येतं, तो हसला नाही तर मग हात.

शेजाऱ्याशी पुटपुटणं मी थांबवत नाही, उलट त्यासाठी वेळ देते. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात याचीच पद्धत बसवली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायला जायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं वाढतात. कारण साधं आहे: ज्याला ती गोष्ट आत्ताच कळली त्याला ती का कळत नव्हती हे अजून आठवत असतं. मला ते आता आठवणं शक्य नाही. मला ऋण गुणिले ऋण बरोबर धन हे कधी पटत नव्हतं, यावर माझाच विश्वास बसत नाही.

पण हे सगळं तंत्र झालं. ज्या तासासाठी मी वर्षभर वाट बघते तो आवर्ती दशांशांचा.

फळ्यावर ०.९९९… लिहायचं, पुढे न संपणारे नऊ, आणि म्हणायचं की ही संख्या १ आहे. एकच्या जवळ नाही, एकपेक्षा जराशी लहान नाही. एकच. वाढदिवसाच्या वेळी मुलांना नवल वाटलं होतं. इथे त्यांना राग येतो. खरोखरचा राग. ‘कायच्या काय, बाई! दिसतंय ना लहान आहे ते!’ मी एक तृतीयांश लिहिते, ०.३३३…, हे त्यांना मान्य असतं. तिनाने गुणा. डावीकडे एक, उजवीकडे ०.९९९… काही मान टाकतात, काहींना हातचलाखीचा वास येतो. मग दुसरी रीत: क्ष बरोबर ०.९९९… धरा. दहाने गुणा, ९.९९९… वजाबाकी करा. ९क्ष बरोबर ९. क्ष बरोबर १.

या वेळी मधल्या बाकावरून एका मुलाने असा आक्षेप घेतला की मी खडू खाली ठेवला. ‘बाई, अनंत अंक असलेल्या संख्येला दहाने गुणता येतं, हे कुणी ठरवलं?’ अकरावी-बारावीच्या गणितात ‘सीमा’ नावाचं जे प्रकरण येतं, ते नेमकं याच प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तिथे पोचायला गणितज्ञांना एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. त्याआधी भलेभले लोक अनंत बेरजा बिनदिक्कत गुणत-वजा करत होते. मी त्याला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू म्हणतोस ते बरोबर आहे, माझ्या सिद्धतेत ते गृहीत धरलंय. वर्गात ‘ओऽऽ’ झालं. बाईंना पकडलं! त्या मुलाची मान तासभर ताठ होती.

पण तासाचा कळस तो नव्हता. वाद दोन तटांत सुरूच होता. ‘फरक आहेच, अगदी बारीक, शून्य दशांश शून्य शून्य शून्य… आणि शेवटी एक.’ हे म्हणणाराही कच्चा गडी नव्हता. त्याने हवेत लांबलचक रेघ ओढून शेवटी एक टिंब दिलं. त्यावर भिंतीलगतच्या बाकावरची एक मुलगी बोलली. ही मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणते तेवढाच तिचा आवाज मला ठाऊक होता. ती उभी राहिली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. त्या मुलाकडे वळून म्हणाली, ‘शेवटी म्हणजे कुठे? नऊ संपतच नाहीत, तर शून्यं कशी संपतील? तुझा एक ठेवायला जागाच नाही.’

तो गप्प. मग तिनेच पुढे ढकललं: ‘दोन वेगळ्या संख्या असल्या तर त्यांच्या मधली एखादी संख्या असायला पाहिजे ना? सांग, ०.९९९… आणि १ यांच्या मधली कुठली?’

कुणालाच सांगता येईना. येणारच नव्हती. मला बोलायची गरज उरली नव्हती आणि बोलायचं मी कटाक्षाने टाळलं. एक मुलगा फळ्यापाशी येऊन न विचारता खडू घेऊन ०.४९९९… लिहू लागला. ‘मग हे पण अर्धाच?’ दुसरा: ‘म्हणजे ०.५ दोन तऱ्हांनी लिहिता येतं? मग सगळ्याच संख्या?’ नाही, सगळ्या नाही. ज्यांचे दशांश कुठेतरी थांबतात त्यांनाच हे दुसरं रूप मिळतं, आणि हे शोधायलाही त्यांना माझी फारशी मदत लागली नाही. मी खिडकीपाशी जाऊन टेकले होते. कुणी बाहेरून बघितलं असतं तर वर्गात शिक्षक नाहीत असंच वाटलं असतं. शिकवण्यातला आनंद म्हणतात तो मला नेमका इथे मिळतो, आणि त्यात नम्रता वगैरे काही नाही. हा वर्ग असा पेटावा म्हणून मी आदल्या रात्री प्रश्नांचा क्रम तीनदा बदललेला असतो. मग पेटल्यावर टेकून बघायचा हक्क माझाच.

त्या मुलीच्या बोलण्याचं मी कौतुक केलं नाही, हे मुद्दाम सांगते. भर वर्गात ‘शाब्बास’ म्हटलं असतं तर चाळीस माना तिच्याकडे वळल्या असत्या आणि ती पुढचे दोन महिने बोलली नसती. वही परत देताना तिच्या गृहपाठाखाली मी एवढंच लिहिलं: ‘०.९९९… आणि १ यांच्या मधली संख्या मीही शोधते आहे. सापडली तर कळवीन.’ त्याखाली तिने पेन्सिलीने लिहून पाठवलं: ‘नाही सापडणार.’

या वयाच्या मुलांना खूश करायला बरेच शिक्षक त्यांची भाषा बोलायला जातात. दर वाक्याला ‘भारी’ आणि ‘लोड घेऊ नका’. ऐकवत नाही. पोरंही तोंडावर हसतात आणि मागे नकला करतात. त्यांना त्यांच्यासारखी बाई नकोच असते. ते काम करायला मित्र आहेत. जोक सांगून, गाणी लावून, व्हिडिओ दाखवून तास काढणाऱ्यांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. तास हसत जातो, पण पुढच्या तासाला तितकाच मोठा विनोद लागतो आणि गणित तिथेच राहतं. या वयाला करमणूक भरपूर मिळते, तीही खिशातल्या फोनवर, माझ्यापेक्षा शंभरपट सरस. जे तिथे मिळत नाही ते म्हणजे समोरासमोर ताकदीचा माणूस आणि त्याच्याशी भांडायची मुभा.

सगळे तास असे जातात असं कुणी समजू नये. पहिला तास असेल तर कित्येकदा निम्मा वर्ग उघड्या डोळ्यांनी झोपलेला असतो, आणि त्यात त्यांचा दोष थोडाच आहे. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात रात्री उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये सांगितलं होतं की या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. माझ्या हातात शाळेची घंटा नाही. पहिल्या तासाला मी हाताला काम देते एवढंच. वहीचा कागद द्यायचा आणि निम्मा निम्मा दुमडायला लावायचं. सहाव्या-सातव्या घडीपाशी सगळे अडतात, पैलवानसुद्धा. कागद ०.१ मिलिमीटर जाड धरला तर दहा घड्यांना जाडी होते दहा सेंटिमीटर, आणि ४२ घड्यांना जवळजवळ ४ लाख ४० हजार किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या पलीकडे; तो सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. ‘फेकताय!’ झोप उडते. मग मी ब्रिटनी गॅलिव्हनची गोष्ट सांगते. कागद सात-आठ वेळांहून जास्त दुमडता येत नाही असं सगळे म्हणत असताना, २००२ मध्ये शाळेत शिकणाऱ्या या कॅलिफोर्नियाच्या मुलीने किती घड्यांना किती लांब कागद लागेल याचं सूत्र मांडलं आणि सुमारे १,२०० मीटर लांबीचा टॉयलेट पेपर १२ वेळा दुमडून दाखवला. तिलाही पटलं नव्हतं, एवढंच.

आणि न पटणं ही पोरवयाची खोड आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी १९९० सालची गंमत. मॅरिलिन व्हॉस सावंत या अमेरिकन लेखिकेने आपल्या सदरात एका कोड्याचं उत्तर दिलं. तीन दारं, एकामागे मोटार, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. मोटार कुठे आहे हे माहीत असलेला सूत्रधार उरलेल्यांपैकी बकरीचं एक दार उघडून दाखवतो आणि विचारतो, निवड बदलणार? तिने लिहिलं, बदला. जिंकण्याची शक्यता एक तृतीयांशावरून दोन तृतीयांशांवर जाते. तिच्याकडे सुमारे दहा हजार पत्रं आली, बहुतेक तिला चुकीचं ठरवणारी, आणि त्यांतली हजारेक डॉक्टरेटवाल्यांची. बरोबर तीच होती. हे ऐकताना नववीचा वर्ग ज्या समाधानाने मागे रेलतो, ते एकदा बघायलाच हवं. प्राध्यापकही चुकतात! मग लगेच पुढचं वाक्य येतंच: ‘पण बाई, खरंच पटत नाही. दोनच दारं उरली ना? अर्धं-अर्धं!’ मग तीन कप आणि एक खोडरबर काढायचा, जोड्या पाडायच्या आणि नोंदी करायला लावायच्या. पन्नास डावांनंतर फळ्यावरचे आकडे त्यांच्याशी बोलतात, मी नाही.

शेवटच्या बाकावर एक मुलगा आहे. त्याच्या गणिताच्या वहीचं मागचं पान ४-३-३ आणि ४-४-२ च्या मांडण्यांनी भरलेलं असतं. पुढची पानं कोरी. वाढदिवसाच्या पैजेच्या वेळी तो काहीच बोलला नव्हता. नंतर एका मधल्या सुट्टीत त्याने मला जिन्यात गाठलं. हातात घड्या पडलेले चार-पाच कागद. ‘बाई, तेवीस म्हणजे अख्खा संघ होतो.’ मला क्षणभर संदर्भ लागेना. त्याने फुटबॉलच्या २०१४ च्या विश्वचषकातले ३२ संघ उतरवून आणले होते, प्रत्येक संघात २३ खेळाडू, प्रत्येकाची जन्मतारीख. ७३६ तारखा, स्वतःच्या हाताने, महिनावार लावून. ‘तेविसांत शक्यता निम्मी, तर बत्तीस संघांपैकी सोळा संघांत जोडी सापडायला हवी, बरोबर?’

‘मग सापडली?’

‘सोळा,’ तो म्हणाला. नेमक्या सोळा! मी चकित झाले ते त्याला दिसलं, पण तो काही खूश दिसेना. ‘हे नशीब पण असू शकतं,’ तो म्हणाला. ‘एकदाच जुळलं म्हणून काय. पटत नाही.’

आता तो २०२२ च्या संघांच्या मागे लागलाय. त्या वर्षी संघात २६ खेळाडू घ्यायची मुभा होती. सव्विसांसाठी शक्यता जवळजवळ ६० टक्के निघते, ती त्याने वर्गातल्या त्या आकडे वाचणाऱ्या मुलीला मस्का लावून काढून घेतली; म्हणजे ३२ पैकी १९ संघांच्या आसपास. सगळ्यांनी पुरे सव्वीस घेतले नव्हते, त्यामुळे थोडा फरक पडेल, हेही त्याचंच म्हणणं. उत्तर नेटवर दोन मिनिटांत सापडेल असं मी म्हणाले, तर भडकला. त्याचं मोजून होईपर्यंत मी बघायचं नाही, अशी शपथ त्याने मला जिन्यातच घ्यायला लावली. सध्या तो ‘ई’ गटात आहे. अजून तीन गट बाकी.